अण्णांच्या उशाशी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. एका अंगावर जास्त वेळ पडून राहिलं की माकडहाड, खुबा, टाचा या ठिकाणी रक्त पोचत नाही. कातडी आधी लाल होते, मग फाटते, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. आमच्याकडे हे काम दादा आणि वहिनी करतात. रात्री दहा, बारा, दोन, चार. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा झाल्यापासून सगळा पावसाळा गेला, आता तूर काढणीला आली, तरी त्यांच्या पाठीवर एकही जखम नाही. पुण्याहून आले की मी आधी त्यांची पाठ बघते. या दोघांनी किती रात्री जागून काढल्या, ते तिथं कळतं.

*

पुण्याहून नांदेडला जाणारी गाडी दौंड, कुर्डुवाडी, लातूर, परळी करत गंगाखेडला येते. डब्यात सगळा मराठवाडा भरलेला असतो. चाकणच्या कारखान्यातली पोरं, हडपसरला धुणीभांडी करणाऱ्या बाया, परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं. रात्री जेवणं उरकली की फोन सुरू होतात आणि बर्थाबर्थावरून तेच प्रश्न ऐकू येतात : गोळी घेतली का, पायाची सूज उतरली का, दवाखान्यात कोण घेऊन गेलं. गावं रिकामी झाली म्हणतात. पण तिथं म्हातारी माणसं उरलीत, आणि त्यांच्या काळजीनं हा अख्खा डबा जागा असतो.

*

गंगाखेडहून पुढं एसटी. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. अण्णांना तर तेही लागत नव्हतं. ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि अण्णांचं हिंडणं वाढलं. परळीचा वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ, पंढरपूर. पिशवीत एक धोतरजोडी, भाकरी आणि ठेचा एवढंच सामान. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात. ती बंडी अजून खुंटीला आहे आणि कार्डही खिशातच आहे. वहिनीनं ते काढलेलं नाही, मीही काढणार नाही.

*

झालं ते असं. पहाटे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आंघोळीला जायच्या वेळी अण्णा उठले नाहीत. वहिनीनं हाक मारली तर तोंड वाकडं झालेलं, उजवा हात उचलत नव्हता, बोलायला जावं तर नुसता आवाज. दादानं 108 ला फोन लावला. गंगाखेडहून परभणी साधारण चाळीस किलोमीटर. तिथं डोक्याचा सीटी स्कॅन झाला आणि मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाल्याचं दिसलं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते सुरुवातीच्या साडेचार तासांत द्यावं लागतं. ही वेळ माणूस धडधाकट असल्याचं शेवटचं कुणी पाहिलं तिथून मोजतात. अण्णा रात्री नऊला झोपले तेव्हा ठीक होते. त्यानंतर त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून इंजेक्शन देता आलं नाही.

हे मी भेटेल त्याला सांगते. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, जीभ जड होणं यातलं एक जरी एकाएकी दिसलं, तरी घड्याळ बघायचं, वेळ लक्षात ठेवायची आणि जिथं सीटी स्कॅन आहे तिथं थेट जायचं. मालिश नाही, नवस नाही, उद्या बघू नाही. रक्तदाबाची गोळी तर बरं वाटतंय म्हणून कधीच सोडायची नाही. आमच्या भागात ती अशीच सुटते. अण्णांचीही सुटली होती.

*

अण्णांकडे बोलायला आता एकच शब्द उरला आहे : बरं. भूक लागली तरी बरं, पाय दुखला तरी बरं, मी दारातून आत आले तरी बरं. स्वर मात्र दर वेळी वेगळा असतो, आणि वहिनीला तो अचूक कळतो.

पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे 1861 साली असाच एक रुग्ण आला होता. त्याला ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं. तो गेल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूची पुढची एक जागा निकामी झालेली दाखवली. वाचेचा मेंदूतला पत्ता असा लागला. अशा माणसाला समोरच्याचं बोलणं बरंचसं कळत असतं, फक्त शब्द ओठांवर येत नाही. हे कळलं तेव्हापासून मी अण्णांशी मोठ्यानं किंवा लहान मुलाशी बोलावं तसं बोलत नाही. हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न विचारते आणि थांबते. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं. कधी डोळ्यांनी, कधी डाव्या हातानं.

*

एकादशीचं भजन मारुतीच्या देवळात होतं. आता मंडळी देवळातलं उरकून आमच्या ओसरीवर येतात. अण्णा या मंडळात पन्नासेक वर्षं टाळकरी. टाळाला दोन हात लागतात आणि उजवा तर पडलेला. शेजारचे मामा आपला टाळ बाजूला ठेवतात, अण्णांच्या टाळाचा एक गोल स्वतः धरतात आणि दुसरा त्यांच्या डाव्या हातात देतात. दोन माणसांत एक टाळ. मृदंगाची थाप पडली की अण्णा आपला गोल मामांच्या गोलावर आणून मारतात. पहिले काही ठोके चुकतात, मग लय सापडते.

आणि अण्णा गातात. ज्यांना माझं नाव घेता येत नाही ते जनाबाईचा अभंग शब्दांसकट म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली होती, पिठाचे हात तसेच. याचंही कारण आहे. बोलण्याचा मोठा भार मेंदूच्या डाव्या बाजूवर असतो, पण सुरात आणि तोंडपाठ म्हणण्यात उजवी बाजूही भाग घेते. त्याच आधारावर 1973 साली बोस्टनमधल्या संशोधकांनी सुरांतून बोलणं शिकवायची उपचारपद्धती मांडली. छोटी वाक्यं गाऊन म्हणायची, डाव्या हातानं ठेका धरायचा, मग हळूहळू सूर कमी करत न्यायचा. आमच्या ओसरीवर ठेका आणि सूर दोन्ही आधीच होते. मी त्यात ‘पाणी दे’ आणि ‘कूस बदल’ एवढं भजनाच्या चालीत बसवून दिलं. वहिनी रोज सकाळी त्यांच्याकडून म्हणून घेते. ‘पाणी’ आता निम्म्या वेळा येतं.

*

जनाबाई गंगाखेडची. दमा आणि करुंड यांची लेक. परंपरा सांगते की बापानं, म्हणजे दमानं, तिला लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं. नामदेवांच्या त्या घरात ती दळण-कांडण करत वाढली आणि विठ्ठलालाच तिनं मायबाप म्हटलं. गंगाखेडला गोदावरीच्या काठी तिचं मंदिर आहे. आमच्याकडच्या बाया तिच्याविषयी घरातल्या लेकीविषयी बोलावं तसं बोलतात. लेकीला दूर पाठवून दिलेल्या त्या बापाचं पुढं काय झालं, म्हातारपणी त्याच्याजवळ कोण होतं, हे कुणीच सांगत नाही. अण्णांजवळ बसले की मला दमा आठवतो.

*

भरवण्याची रीत शिकावी लागते. लकव्यात गिळणं बिघडतं. पाण्यासारखं पातळ पटकन श्वासनळीत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून अण्णांना आधी पाठीशी लोड देऊन ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, घास लहान आणि तोंडाच्या चांगल्या बाजूनं. पहिला गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. जेवण झालं की अर्धा तास आडवं करायचं नाही.

ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात कालवल्या की त्यांना बरोबर जमतात. येसराची आमटी घट्ट ठेवली तर तीही. रानात सध्या हुरडा आहे. दादा आगटी पेटवतो, कणसं भाजून तळहातावर चोळतो आणि फुंकर मारून कोंडा उडवतो. अण्णांना दाणा देता येत नाही, घशात अडकेल. मी हुरडा दुधात शिजवला, मिक्सरवर वाटला, गुळाचा खडा टाकला आणि चमच्यानं भरवला. अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि आणखी हवा म्हणून डावा हात पुढं केला.

*

“कव्हा आलीस गं?”

“सकाळच्याला आले, काकू.”

“बरं केलंस. बापाचा जीव तुझ्यातच हाय.”

दिवसभर माणसं येत असतात. कुणी वाटीभर दही आणतं, कुणी शेवग्याच्या शेंगा. प्रत्येकाजवळ एक उपाय असतो : अमक्या गावाला औषध देतात, तमकं तेल चोळा, कबुतराचं रक्त लावा. वहिनी सगळ्यांना चहा देते, ऐकून घेते आणि यातलं काहीही करत नाही. कबुतराच्या रक्तानं मेंदूतली गुठळी हलत नाही. पण ते सांगायला आलेला माणूस दोन कोस चालून आलेला असतो. त्याचं येणं आपण घ्यावं, उपाय राहू द्यावा. खांद्यापुरती मात्र सक्त ताकीद आहे. पडलेला हात धरून अण्णांना कुणी ओढायचं नाही. स्नायूंत जोर नसला की खांदा निखळतो.

*

अण्णांच्या वयाचे दोघं-तिघं रोज येऊन बसतात. अण्णांना सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या वाटचं तेच सांगतात. 1948 च्या सप्टेंबरात निजामाच्या राज्यात फौज शिरली, 13 ला सुरू झालेली कारवाई 17 ला संपली. तेव्हा अण्णा सातेक वर्षांचे, आणि त्याआधीचे कित्येक महिने रझाकारांच्या भीतीनं घरोघरची लेकरं ज्वारीच्या रानात लपवली जात. मग बहात्तरचा दुष्काळ. अण्णा आणि हे सोबती एकाच दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. दुपारी सुकडी, घरी लाल मिलोची भाकरी. एकजण म्हणाला, “तुझा बाप आपली सुकडी खायचा न्हाई, रुमालात बांधून घरी आणायचा.” मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, “बरं.” मला आजवर हे कुणी सांगितलं नव्हतं. ती सुकडी कुणासाठी यायची, ते दादाला विचारलं. तो तेव्हा तान्हा होता, आणि आई आजारी होती.

*

पुण्यात सगळे विचारतात, त्यांना इकडे का आणत नाही. मीही त्याचा पुष्कळ विचार केला. पुण्यात फिजिओथेरपिस्ट घरी येतो, मोठी रुग्णालयं जवळ आहेत. इथं व्यायाम शिकवणारा परभणीहून आठवड्यातून एकदा येतो, बाकीचे दिवस दादा करून घेतो. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये दार बंद असतं. तिथं अण्णांचा स्वर ओळखणारं कुणी नाही, टाळाचा दुसरा गोल धरणारं कुणी नाही, बहात्तर सालची गोष्ट सांगणारं कुणी नाही. वाचा गेलेल्या माणसाला त्याचं आयुष्य ठाऊक असलेली माणसंच लागतात. ती गावात आहेत. म्हणून अण्णा गावातच राहतील. हे ठरवणं मला सोपं आहे, कारण त्याची किंमत मी भरत नाही. दादा-वहिनी भरतात.

*

लग्न होऊन आल्यापासून वहिनी अण्णांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. आता तीच त्यांचं अंग पुसते, कपडे बदलते. दादा शेतात असला की दुसरं कोण करणार. सुरुवातीला अण्णा मान फिरवून रडायचे. वहिनी म्हणाली, “मी त्यांना म्हणलं, तुमी मला पोटच्या लेकीसारखं वागवलं, मग आता लाजायचं कशाला?” तिच्या डोक्यावर पदर आजही आहे. एवढं सगळं ती पदर सांभाळूनच करते.

*

आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 चा कायदा आहे. मुलांनी सांभाळलं नाही तर म्हाताऱ्या माणसाला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि दरमहा रक्कम ठरवून घेता येते. ज्यांना घराबाहेर काढलं जातं त्यांच्यासाठी हा कायदा हवाच. आमच्या घरात प्रश्न वेगळा आहे. मी दर महिन्याला पैसे पाठवते, डायपर, गोळ्या, हवेची गादी सगळं त्यातून येतं, आणि मला वाटत आलं की माझा वाटा मी उचलते. पण रात्री दोनला उठणं पैशांनी वाटून घेता येत नाही. ते माणसानं येऊनच करायचं असतं.

*

वहिनीचं माहेर मानवत तालुक्यात. तिची आई थकली आहे, डोळ्यांना दिसत नाही. अण्णा पडल्यापासून वहिनी एकदाही माहेरी गेलेली नाही, राखीला नाही आणि दिवाळीला नाही. तिनं हे सांगितलं नव्हतं, दादानं सांगितलं.

तेव्हा आता असं ठरवलं आहे. मी नुसती भेटायला यायचं नाही. आले की कूस, आंघोळ, भरवणं, गोळ्या सगळं माझ्याकडे आणि रात्रीची दोन नि चारची पाळीही माझी. मी इथं असेन तेवढे दिवस वहिनी मानवतला. या खेपेला ती आधी नको नको म्हणत होती. मग तिनं अण्णांच्या गोळ्यांचा डबा उघडून सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या गोळ्या मला दोनदा समजावल्या, माझ्याकडून वदवून घेतल्या, आणि काल सकाळच्या एसटीनं आईकडे गेली.