पाच मैलांतील घर

सुगरण पक्षी घरटे विणतो तेव्हा पाती आणण्यासाठी परमुलखी जात नाही. जवळच्या शेतात जे मिळेल तेच चोचीत धरून आणतो. माणसाला मात्र जवळचे उणे आणि दूरचे थोर वाटते. पायाखालच्या मातीची त्याला लाज वाटते, दूरच्या कारखान्यातील सिमेंटाचा अभिमान! परंतु वस्तू जितकी दुरून आणावी व जितकी भाजावी, तितके इंधन तिच्यापायी जळते. सिमेंटाच्या भट्टीत कच्चा माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. हा खर्च घरमालकाच्या वहीत दिसत नाही. तो साऱ्या सृष्टीला सोसावा लागतो.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या एका खेड्यात राहावयास गेले. तेच आजचे सेवाग्राम. तेथील कुट्या माती, बांबू, लाकूड व कौले यांच्याच आहेत. विदर्भातील वैशाखाचे ऊन प्रखर. पण मातीची जाड भिंत ते लवकर आत शिरू देत नाही. अशा घराची दरवर्षी लिंपून-सारवून निगा मात्र राखावी लागते.

लॉरी बेकर नावाच्या तरुण इंग्रज वास्तुशिल्पज्ञांची मुंबईत गांधीजींशी भेट झाली होती. आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातूनच उभे राहावे, असे गांधीजींचे मत होते. बेकरांना तेव्हा ते अतिरेकाचे वाटले. पुढे हिमालयातील पिथौरागढ येथे ते अनेक वर्षे राहिले. तेथील साध्या डोंगरी लोकांनी जवळच्या दगडांची व लाकडांची बांधलेली घरे पाहून त्यांचे डोळे उघडले. जे शिक्षण विद्यालयात मिळाले नव्हते, ते त्यांना गवंड्यांनी व सुतारांनी दिले.

नंतर केरळात त्यांनी गोरगरिबांसाठी घरे बांधली. विटा आडव्या न ठेवता ते कडेवर उभ्या रचीत. त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राही, सुमारे पाव हिस्सा विटा वाचत, आणि कोंडलेली हवा उन्हाला अडवी. स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीटवर विशेष भार येत नाही, तेथे ते जुनी कौले घालीत. खिडक्यांऐवजी अनेक ठिकाणी विटांची जाळी ठेवीत. तीतून वारा खेळे आणि उजेड गाळून येई. जागेवर झाड असेल तर ते तोडण्याऐवजी भिंतच वळवून घेत!

बेकरांनी सिमेंट टाकून दिले नाही. जेथे त्यावाचून अडले तेथे, अडले तेवढेच वापरले. याला कोणी कृपणता म्हणेल. परंतु कृपण मनुष्य स्वतःसाठी राखतो. बेकरांनी राखले ते इतरांसाठी. एका घरातून वाचलेल्या विटा दुसऱ्या बेघराच्या भिंतीस लागाव्यात, याहून घराची मोठी शोभा ती कोणती?