माझं येणं किती?

"आणि सूनबाई काय करतात?"

२०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. ह्यांच्या लांबच्या आत्याबाई बऱ्याच वर्षांनी आमच्या मिरजेच्या घरी आल्या होत्या. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. ह्यांनी अगदी सहज सांगितलं, "शाळेत जाते अर्धा वेळ. संध्याकाळी चार पोरं घेऊन बसते घरी. तेवढाच वेळ जातो तिचा."

बोलण्यात कुठे कुचकेपणा नव्हता. आमचे हे तसे स्वभावाने चांगले. उगीच कुणाला लागेल असं बोलायचे नाहीत. पण चहाचे कप ट्रेमध्ये ठेवताना माझा हात थोडा थबकला खरा. सकाळी शाळेत तासिका तत्त्वावर तीन तास आणि संध्याकाळी पाच ते सात घरी शिकवणी. चार नाही, अकरा मुलं! आणि ह्या सगळ्याचं नाव काय, तर 'वेळ जातो'.

भाऊबीजेला सांगलीला माहेरी गेले, तेव्हा ही गोष्ट मी हसत हसतच अण्णांना सांगितली. अण्णा म्हणजे माझे वडील. हळदीच्या अडत दुकानात त्यांनी अडतीस वर्षं दिवाणजी म्हणून काम केलं. सांगलीची हळद सगळीकडे नावाजलेली. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या हळदीचे सौदे, पट्ट्या, शेतकऱ्यांच्या उचली हे सगळं अण्णांनी रोजकीर्द-खतावणीत उतरवलेलं. आता पेढीवर संगणक आला, पण पाडव्याला पूजेसाठी लाल बांधणीची एक वही अजूनही येतेच. तशीच एक जास्तीची वही अण्णांच्या कपाटात होती.

माझं बोलणं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "तुझं येणं किती?"

"म्हणजे?"

"शिकवणीचे पैसे लोकांकडून किती यायचे आहेत?"

मी म्हटलं, "असतील अंदाजे दोन-तीन हजार."

"बाळ, अंदाजाने शिल्लक जुळत नाही," अण्णा म्हणाले, आणि उठून ती लाल वही माझ्या हातात दिली.

मला जरा रागच आला. मी काय दुकान मांडून बसले आहे? पण घरी आल्यावर कालनिर्णयाकडे नजर गेली आणि माझं मलाच हसू आलं. दुधाचे खाडे, भांडीवाल्या मावशींचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, सगळं तिथे लिहिलेलं. महिनाअखेरीला दूधवाल्याच्या हिशेबात अर्धा लिटर चुकलं तरी मी त्याला थांबवते. म्हणजे हिशेब मला येत नाही असं नाही. माझ्या स्वतःच्या कामाचा हिशेब तेवढा मी कधी केला नव्हता.

त्या रात्री सगळे झोपल्यावर वही उघडली. फोनवर आलेल्या पैशांचे निरोप मागे मागे जाऊन पाहिले. काहींनी रोख दिलेले, ते आठवून लिहिले. अकरा मुलं, प्रत्येकी महिना पाचशे, जून ते ऑक्टोबर असे पाच महिने. यायला हवे होते २७,५००. आले होते १७,५००. येणं बाकी १०,०००! 'दोन-तीन हजार' म्हणणारी मी त्या आकड्याकडे बघतच राहिले.

मग वेळेचा हिशेब मांडला. रोजचे दोन तास आणि वह्या तपासायचा वेळ धरून महिन्याला पासष्ट तास. हातात आलेल्या पैशांना तासांनी भागलं, तर तासाला सुमारे ५४ रुपये पडले. त्यातून खडू, झेरॉक्स, वर्गातल्या पंख्याची वीज मी काढलेलीच नव्हती.

तुम्ही म्हणाल, आता ही बाई लोकांची उधारी वसूल करायला निघाली असेल. मीही तसंच ठरवलं होतं. पण अण्णांच्या शिस्तीत डावं पान जमेचं आणि उजवं नावेचं. डावं भरल्यावर उजव्या पानावर मी देणं लिहायला घेतलं आणि तिसऱ्याच ओळीला पेन अडलं. आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहतात. दोन ब्लाऊज आणि तीन साड्यांचे फॉल-पिको त्यांनी गणपतीआधी करून दिले होते. ११५० रुपये. "सुट्टे नाहीत हो, नंतर देते," असं म्हणून मी पिशवी घेऊन आले होते, ती आलेच! गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी झाली. त्यातली एक साडी मी दसऱ्याला नेसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना आधी त्यांच्याकडे गेले. पैसे दिले, क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मागणारच होते ताई, पण तुमच्याकडं मागायचा संकोच वाटला."

माझ्या मनातलं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना मान खाली गेली. लोक आपल्या कामाला 'वेळ जातो' म्हणतात याचा मला राग येत होता, आणि मी तरी त्यांच्या शिवणाला काय समजत होते? पैसे द्यायची ऐपत नव्हती असंही नाही. ते काम माझ्या लेखी 'नंतर द्या'तलं होतं, एवढंच.

ह्याउलट माझ्या शिकवणीतल्या एका मुलीची आई. चार घरी पोळ्या करायला जाते. तिचं खातं पाहिलं, तर पाचही महिने एक तारखेला पाचशे जमा, एकदाही खंड नाही. पुढच्या महिन्यात ती पैसे द्यायला आली तेव्हा मी सहज विचारलं, "इतकं वेळेवर कसं जमवता?" तिने पिशवीतून मुलीची जुनी, निम्मी कोरी राहिलेली वही काढून दाखवली. चार घरांची चार पानं, खाडे, उचल, सगळं मांडलेलं. म्हणाली, "लिवून ठेवलं की भांडण होत नाही, बाई." मी बी.ए. झालेली बाई, आणि कामाची रीत मला तिच्याकडून शिकावी लागली.

वही-हिशेब म्हणजे पुरुषांचा, पेढीवरचा उद्योग, असं आपल्या मनात कुठेतरी बसलेलं असतं. पण लिज्जत पापडाची सुरुवात आठवा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी सुरुवातीपासून सांगितलं, की हा धंदा म्हणून करा आणि हिशेब चोख ठेवा. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर माणदेशी महिला बँक उभी केली. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जदारांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका घरी बसल्या नाहीत. अक्षरं शिकल्या, परत गेल्या, आणि १९९७ मध्ये परवाना घेऊन आल्या. मला तर अक्षर येत होतं, वहीही हातात होती. मग अडलं होतं कुठे?

अडलं होतं ते जिभेवर. पैसे मागायचे कसे? चार-पाच दिवस आरशापुढे वाक्यं जुळवली. शेवटी डिसेंबरच्या एक तारखेला सगळ्या पालकांना एकच निरोप पाठवला. फी दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत द्यावी, मागली बाकी दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. आणि प्रत्येकाच्या निरोपाखाली त्याच्या बाकीचा आकडा. 'जमलं तर', 'सवडीने' असलं काहीही लिहिलं नाही. निरोप पाठवला आणि भीतीने फोन उशीखाली ठेवला!

आठ दिवसांत निम्मी बाकी आली. दोघांनी तर दिलगिरी कळवली. खरंच विसरले होते ते. मी आठवणच करून दिली नव्हती, तर लोकांनी तरी काय करावं?

उरलेली निम्मी बाकी, पाच हजार, एकाच घरची होती. समोरच्या वहिनींची. त्यांची दोन मुलं माझ्याकडे येत. आमचं नातं असं, की आमटीची वाटी अंगणातून इकडून तिकडे जायची. वहिनी संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, "आम्हाला पण निरोप? आम्ही परकी का गं?" दुसऱ्या दिवसापासून मुलं यायची बंद झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या नाहीत. खरं सांगते मैत्रिणींनो, त्या रात्री वाटलं, कुठून ही वही हातात घेतली!

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "जूनमध्ये त्यांनी फी विचारली होती का?"

विचारली होती. आणि "घरचीच मुलं, बघू नंतर," असं मीच म्हटलं होतं. चांगुलपणा दाखवायला मी तोंडावर एक बोलले आणि मनात दुसरं ठेवलं. सुरुवातीलाच "तुमच्याकडून निम्मी घेईन" किंवा "तुमच्याकडून घेणार नाही" असं स्वच्छ सांगितलं असतं, तर त्यांनाही कमीपणा वाटला नसता आणि मलाही कुढावं लागलं नसतं.

"मग आता?" मी विचारलं.

"बुडीत म्हणून लिही. बुडीतालाही पान लागतं. लिहिलंस की रोज उगाळणार नाहीस."

मी लिहिलं. मार्चमध्ये त्यांच्या धाकट्याने एक पाकीट आणून दिलं, आत दोन हजार. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी जमा केले. अजून आमचं बोलणं नळाचं पाणी आलं का, एवढ्यापुरतंच आहे. ह्या व्यवहारात ते माझं नुकसान झालं, आणि ते कुठल्या पानावर लिहायचं हे अण्णांनाही सांगता येणार नाही.

पण वहीने दिलंही पुष्कळ. तुमच्यापैकी कुणी शिकवणी घेत असेल, कुणी डबे देत असेल, कुणी शिवत असेल, तर माझ्या चार सवयी सांगते. नोंद त्याच दिवशी करावी, रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटांत. उद्यावर टाकली की विसरली. फोनवर पैसे आले तर कुणाचे आणि कुठल्या महिन्याचे ते लगेच लिहावं. कामाचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे एका डब्यात ठेवू नयेत. मी बँकेत वेगळं खातं उघडलं. भाजीला त्यातले शंभर घेतले तरी 'उचल' म्हणून लिहिते. 'किरकोळ' हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही. अण्णा म्हणतात, किरकोळीतच घरं बुडतात. आणि फी किंवा दर पहिल्याच भेटीत, समोरच्याकडे बघून सांगावा.

पैशांबरोबर मी आठवडाभर तासही लिहून पाहिले. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटं ८८. माझ्या वहीतला आकडा बायकांच्या सरासरीहून वरच निघाला. ते पान मी ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मुलीचा डबा घासणं आणि कुकर लावणं ह्यांच्याकडे गेलं. पहिले आठ दिवस भात गिचका झाला. मी बोलले नाही, सासूबाईही बोलल्या नाहीत!

त्या वाचलेल्या तासात मी आता पुस्तक घेऊन बसते. बी.ए. होऊन चौदा वर्षं झाली. एम.ए. करायचं हे मनात होतं, पण फी घरातून मागायची कशी, म्हणून तो विषय मी कधी काढलाच नव्हता. वसूल झालेल्या पैशांतून दूरशिक्षणाचा अर्ज भरला. वहीत नावे टाकताना काय लिहावं म्हणून क्षणभर थांबले, आणि लिहिलं, 'स्वतःसाठी'.

मे महिन्यात पुन्हा पाहुणे आले. कुणीतरी तोच प्रश्न विचारला. हे म्हणाले, "ती क्लास घेते. पाच ते सात तिला हाक मारायची सोय नाही, चहा मीच करतो." आवाजात थोडी थट्टा होती. असू दे.

मध्यंतरी अण्णा आले होते. वही चाळून पाहिली. मधली चार पानं कोरी होती, मुलीला ताप होता ते दिवस. म्हणाले, "हे काय?"

"त्या दिवशी काही झालंच नाही अण्णा, शिकवणी बंद होती."

"तरी तारीख घालायची आणि निरंक लिहायचं. नाहीतर त्या दिवशी तू होतीस की नव्हतीस, कसं कळणार?"

त्यांच्यासमोरच मी त्या चारही पानांवर तारखा घातल्या. पण निरंक नाही लिहिलं. 'मुलीजवळ बसले,' असं लिहिलं. अण्णांनी वाचलं आणि वही मिटून माझ्याकडे दिली.