फोर्थ सीट, उसण आणि कोरडी सुई

आमच्याकडे उसण भरली की आधी पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या कमरेला हलकी लाथ लावली की उसण पळते, अशी समजूत. दहिवलीत आमच्या आळीत अशी एक काकू होती. सकाळी सकाळी तिच्या अंगणात मोठी मोठी माणसं पाठ करून निमूट उभी राहायची. त्याने भागलं नाही तर बिब्बा, नाहीतर तापवलेल्या विटेचा शेक. यातलं किती लागू पडायचं ते सोडा. पण सगळ्या उपायांचा नियम एकच होता. दुखतं तिथेच इलाज करायचा.

माझं दुखणं या नियमात बसेना.

दहिवलीतून उल्हास नदी ओलांडली की कर्जत स्टेशन. तिथून सीएसएमटी साधारण १०० किलोमीटर. मी दादरला नोकरी करते. सकाळी गाडी कर्जतहूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. संध्याकाळी दादरला चढल्यावर मिळते ती फोर्थ सीट, तीही नशीब असेल तर. तीन जणींच्या बाकावर चौथी. अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत, आणि तोल जाऊ नये म्हणून एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला. बदलापूरला गर्दी उतरेपर्यंत तासभर असंच.

दुसऱ्या वर्षी उजव्या पायात कळ यायला लागली. मांडीच्या बाहेरच्या बाजूने निघून पोटरीतून थेट घोट्यापर्यंत. डब्यातल्या सगळ्या जणींनी निदान केलं, सायटिका. एका डॉक्टरांनी ‘नस दबलीय’ म्हणून गोळ्या आणि कमरेचा पट्टा दिला. एमआरआयमध्ये विशेष काही निघालं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि आपल्याला मात्र आपण खोटं बोलतोय की काय असं वाटायला लागतं.

शेवटी कर्जतमधल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्यांनी मला कुशीवर झोपवलं, पायाला हातही लावला नाही. कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या बाजूला अंगठा फिरवत एका ठिकाणी थांबून दाबलं. दाबला कुल्ला आणि ओरडला घोटा. माझी ओळखीची कळ, अगदी त्याच वाटेने खाली गेली.

ताईंनी सांगितलं ते असं. तिथे आत ग्लुटिअस मिनिमस नावाचा छोटा स्नायू असतो. एका पायावर शरीर तोलायचं काम त्याचं. त्याच्यावर रोज ताण पडत राहिला की त्यात दोरीच्या पिळासारखा ताठ पट्टा तयार होतो आणि त्यात एक फार दुखरा बिंदू. त्याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. गंमत अशी की त्याचं दुखणं दुसरीकडेच उमटतं, आणि या स्नायूचं तर हुबेहूब सायटिकासारखं.

मग आली सुई. केसापेक्षा थोडी जाड, भरीव, एकदाच वापरून फेकायची. तिच्यातून औषध जात नाही, म्हणून हे ‘ड्राय’ नीडलिंग. टोचलेलं फारसं कळलंही नाही. पण सुई त्या पिळात पोचली आणि स्नायू आतल्या आत उडाला. गळाला मासा लागल्यावर दोरीला बसतो ना, तसा झटका. ‘हे हवंच होतं,’ ताई म्हणाल्या. मी उशी चावत होते.

ही कल्पना कुठून आली ते नंतर शोधून वाचलं. डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी अशा दुखऱ्या बिंदूंवर आयुष्यभर काम केलं. त्या बिंदूत बधिर करणारं औषध टोचत. जॉन केनेडींच्या पाठदुखीवर त्यांनीच उपचार केले, आणि १९६१ मध्ये त्या राष्ट्राध्यक्षांच्या डॉक्टर झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या महिला. १९८३ मध्ये डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी या बिंदूंचे नकाशेच पुस्तकात छापले. त्याआधी १९७९ मध्ये कारेल लेविट या झेक डॉक्टरांनी लिहिलं होतं, की नेमक्या बिंदूवर सुई गेली तर औषधाशिवायही आराम पडतो. म्हणजे काम औषध करतंय की सुई, असा प्रश्न उभा राहिला. अॅक्युपंक्चरची सुईही अशीच असते, पण तिचा नकाशा चिनी परंपरेतला. इथला नकाशा स्नायूंचा.

जादू मात्र नाही. हे बिंदू नेमके कशाचे बनतात यावर अजून वाद आहेत. आराम मिळतो तो मुख्यतः थोड्या काळाचा, तो टिकवायला व्यायाम लागतो. सुईनंतर एखाद-दोन दिवस जागा ठणकते. मान-खांदा किंवा छातीजवळ सुई चुकीची गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून शिकलेल्या हातांनीच करून घ्यायचं, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधीच सांगायचं.

मला तीन बैठकांत फरक पडला. तिसऱ्या वेळी ताईंनी विचारलं, ‘बसतेस कशी?’ मी फोर्थ सीट करून दाखवली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘पीळ मी सोडवीन. रोज संध्याकाळी घालणारी गाडी आहे, तिचं काय?’

हा प्रश्न घेऊनच मी आईला तिथे नेलं.

आई उजवा हात मागे नेत नाही, हे मला कित्येक वर्षं माहीत होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘मला काय धाड भरलीय, बाय?’ आमची थोडी भातशेती आहे. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, तिथून ‘कर्जत-३’सारखे वाण निघाले. बियाणं सुधारलं, पण आमच्या तुकड्यात लावणी अजून वाकूनच होते. आवण उपटायचं, मुठी बांधायच्या, दिवसभर चिखलात वाकायचं.

ताईंनी तिला विचारलं, ‘कुठे दुखतं?’ आई खांद्याला पुढून हात लावून सुरू झाली ती वीस मिनिटं थांबली नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. चोळीची गाठ बांधता येत नाही. हंडा डाव्या हाताने उचलते. यातलं एकही वाक्य मी घरात ऐकलं नव्हतं. ताईंनी खांद्यामागचा फरा दाबला आणि आई एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘हां. हाच तो.’ चोर सापडल्यासारखी.

सुईला ती पहिल्या दिवशी नाही म्हणाली. ताईंनी आग्रह केला नाही. शेक दिला, दोन व्यायाम शिकवले. दुसऱ्या खेपेला आईनेच विचारलं, ‘ती तुमची बारीक सुई आहे का?’

महिन्याभराने तिचा हात मागे जायला लागला. मला वाटलं आता ती जरा थांबेल. तिचा हिशोब वेगळा होता. हात चालतोय म्हणजे यंदा एका मजुराची मजुरी वाचली. मी चिडले. मग ट्रेनचा पास काढताना माझं मलाच जाणवलं, की माझाही पाय बरा झालाय तो त्याच गाडीत चढण्यासाठी. नोकरी मला सोडता येत नाही, शेत तिला.

मग आम्ही सुटण्याजोगं तेवढं सोडलं. मी आता फोर्थ सीट मागत नाही. डोंबिवलीपर्यंत दोन्ही पायांवर उभी राहते, नंतर मिळालं तर नीट बसते. आईने एक मजूरबाई लावली. स्वतः दर दोन ओळींनंतर उभी राहून खांदे मागे नेते. या जुलैत शेजारच्या शेतातून कुणीतरी हसून विचारलं, ‘काय गो, कवायत करतेस?’

‘डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय,’ आई म्हणाली. ‘तूही कर. तुझा कुठला दुखतो?’