उशाशी सध्या ‘रणांगण’

‘मृत्युंजय’ला नावं ठेवली की घरात कुणीतरी हमखास दुखावतं. १९६७ सालची ही कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आळीपाळीने सांगतात. कल्पना झकास, पण सगळे एकाच अलंकारिक सुरात बोलतात, हे माझं जुनं रडगाणं. शोण तेवढा मनापासून आवडतो.

सध्या उशाशी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आहे, १९३९ची. युरोपातून निघालेली बोट, जीव वाचवून पळणारे ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. एवढं सगळं असून बेडेकर गळा काढत नाहीत. बोटीवरच्या थट्टामस्करीतही भीती जाणवत राहते. हॅर्टाचं पुढे काय होतं ते ठाऊक आहे, म्हणूनच बहुधा रोज मोजकीच पानं वाचते. ‘स्वामी’ मात्र एका बैठकीत संपवली होती.