फ्रीजवरचं कॅलेंडर

नागरिकशास्त्र हा विषय शाळेत कुणालाच नको असतो. इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं गाठोडं! मी तो पस्तीस वर्षं शिकवला. 'देशाच्या तिजोरीची किल्ली कोणाकडे असते?' या प्रश्नाला 'संसदेकडे' असं लिहिलं की मार्क मिळत, आणि मीही डोळे मिटून देत असे. त्या उत्तराचा अर्थ मात्र मला निवृत्तीनंतर कळला, तोही न्यू जर्सीतल्या एका स्वयंपाकघरात.

२००७ च्या मार्चमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले होते. शेजारी माझ्याच वयाची एक बाई राहायची. तिचा धाकटा मुलगा सैन्यात, इराकमध्ये. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, तिचं भराभर. पण दोघी आया, त्यामुळे अडलं नाही. तिच्या फ्रीजवर एक कॅलेंडर होतं. ऑगस्टमधल्या एका तारखेभोवती लाल गोल, आणि रोज सकाळी चहाच्या आधी एका चौकोनावर फुली.

११ एप्रिलला संरक्षणमंत्री गेट्स यांनी जाहीर केलं की तिथल्या सैनिकांची नेमणूक बारा महिन्यांऐवजी पंधरा महिन्यांची होईल. दुसऱ्या दिवशी गेले तर ती त्या लाल गोलाकडे बघत नुसती उभी होती. ओरडली नाही, रडली नाही. मग पानं उलटून नोव्हेंबरमध्ये नवा गोल काढला.

त्याच दिवसांत अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये (आपली काँग्रेस नव्हे, त्यांची संसद!) युद्धखर्चाचं विधेयक गाजत होतं. पैसे देऊ, पण सैन्य परत यायला १ ऑक्टोबर २००७ च्या आत सुरुवात झाली पाहिजे, अशी त्यात अट होती. शेजारणीचा नवरा चिडायचा. म्हणायचा, "पैसे अडवले तर आपल्याच पोराच्या चिलखतावर गदा येईल." बापाची भीती खोटी कशी म्हणणार? पण विधेयकात पैसे अडवलेलेच नव्हते. एकूण १२४ अब्ज डॉलर होते, बुशसाहेबांनी मागितले त्याहून जास्तच.

तिने आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहायला घेतलं आणि मसुदा मला दाखवला. "तू टीचर आहेस ना, बघ." व्याकरण मी काय तपासणार, कपाळ! एवढंच सुचवलं, 'पैसे बंद करा' असं लिहू नकोस. 'पैसे द्या, पण तारीख घालून द्या' असं लिही. त्यांच्या घटनेतच आहे की सैन्यासाठीचा पैसा एका वेळी दोन वर्षांहून जास्त काळासाठी मंजूर करता येत नाही. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांनाच वाटत होतं, की फौज बाळगणाऱ्याने पुन्हापुन्हा दारात यावं आणि हिशेब द्यावा. १९७३ मध्ये याच काँग्रेसने १५ ऑगस्टनंतर व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधल्या लढाईला पैसा मिळणार नाही, असा कायदा केला होता. किल्ली गंजलेली नव्हती.

विधेयक दोन्ही सभागृहांत थोडक्या मतांनी पास झालं. १ मेला बुश यांनी ते नाकारलं. आपला महाराष्ट्र दिन, म्हणून तारीख डोक्यात पक्की बसली आहे. तारीख सांगितली तर शत्रू तोवर दबा धरून बसेल, हा त्यांचा मुद्दा. दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार उलटवायचा प्रयत्न झाला, २२२ विरुद्ध २०३. दोन-तृतीयांश काही जमले नाहीत. महिनाअखेरीस काँग्रेसने माघारीच्या तारखेविना पैसे देऊन टाकले.

पुढे गंमत बघा. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच बुश यांच्या सरकारने इराकशी करार केला आणि त्यात तारीख घातली, ३१ डिसेंबर २०११. जी तारीख मे २००७ मध्ये शत्रूच्या फायद्याची होती, ती दीड वर्षाने कशी चालली? कुणी म्हणेल, मधल्या काळात जादा फौज पाठवली म्हणून हिंसाचार उतरला. उतरला, मी नाकारत नाही. ठरल्याप्रमाणे सैन्य निघालं आणि २०१४ मध्ये पुन्हा जावं लागलं, हेही खरं. मी यावर बरीच वर्षं विचार केला आहे. तारखेने इराक सावरला असता, असा माझा दावाच नाही. पण मुदत विचारल्याशिवाय दुकानदार दोन हजारांची उधारी देत नाही, आणि इथे माणसं द्यायची होती. एकट्या २००७ मध्ये अमेरिकेचे सुमारे ९०० सैनिक इराकमध्ये गेले. इराकी किती गेले, त्या आकड्यांवर अजून वाद आहेत. म्हणून कुठल्याही देशाच्या खासदारांना आजही माझं तेच सांगणं आहे, जे त्या मसुद्यात लिहायला सांगितलं होतं.

सप्टेंबरमध्ये मी परत आले. निघताना तिच्या घरी गेले, तेव्हा फुल्या नोव्हेंबरच्या जवळ सरकत होत्या. मग दिवाळी झाली, आणि एका पहाटे लेकीचा फोन आला. आधी नातवाचं सर्दी-पडसं सांगितलं, मग म्हणाली, "आई, शेजारचा आला गं. स्वतःच्या पायांनी चालत आला."