पाचनईची भाकर

हरिश्चंद्रगडावर मी पहिल्यांदा गेलो तो साठीनंतर. पाचनईची वाट सोपी म्हणतात, पण पावसात गुडघे बोलायला लागले. कोकणकडा काही दिसला नाही, सगळं धुकं. उतरताना एका झापात टेकलो. म्हातारीनं चुलीपुढं बसवलं, पिठलं-भाकर वाढली.

"गाव कंचं, बाबा?"

"नारायणगावच्या अंगाला."

"मंग तुमच्याकडंच येत व्हतो की आम्ही, कांदं लावाया. बाजारात उभं ऱ्हायचं, तुम्ही निवडून न्यायचं."

घास तोंडातच राहिला. तीस वर्षं मीही त्या बाजारातून माणसं नेली, हातपाय बघून. दुपारी ती काय खातात, कधी विचारलं नाही. तिनं तव्यावर दुसरी भाकर टाकली. पैसे मात्र मोजून घेतले, तेव्हा जरा बरं वाटलं.