शिक्का कोणाचा?

प्ले स्टोअरवर पैसे मागणारे अ‍ॅप दुसरीकडे फुकट मिळते, हे आता बार्शीतल्या कॉलेजच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. अ‍ॅप म्हणजे शेवटी एक एपीके फाइल, आणि ती गुगलच्याच दुकानातून आली पाहिजे, असे बंधन अ‍ॅन्ड्रॉइडने घातलेले नाही. यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. बँका आणि पोलीस सांगतात, प्ले स्टोअर सोडून कुठूनही काही घेऊ नका. वापरणारे म्हणतात, इतकी वर्षे वापरतोय, काही होत नाही. मोबाइलच्या सुरक्षिततेत काम करणारा म्हणून मला वाटते, की दोघेही नको तिथे बोट ठेवतात. दुकान कोणते हा प्रश्न दुय्यम आहे. त्या फाइलवर सही कोणाची, आणि सही करणाऱ्याचे पोट कशावर भरते, हे आधी विचारले पाहिजे.

प्रत्येक एपीकेवर ती बांधणाऱ्याची डिजिटल सही असते. नवी आवृत्ती टाकताना फोन ती जुन्या सहीशी ताडून पाहतो. जुळली नाही, तर अपडेट बसत नाही. पण सही करणारा खरा कोण, हे फोन विचारत नाही. पहिल्या वेळी जो आला तोच पुन्हा आला ना, एवढेच तो बघतो. आता 'प्रीमियम अनलॉक' अ‍ॅप कसे तयार होते ते पाहा. मूळ फाइल उघडायची, पैसे भरलेत का हे तपासणारा भाग काढायचा आणि ती पुन्हा बांधायची. मूळ कंपनीची सही करायची किल्ली हाती नसते, त्यामुळे सही नाइलाजाने स्वतःचीच करावी लागते. म्हणजे अशा प्रत्येक अ‍ॅपवर, मग ते गाण्यांचे असो की व्हॉट्सअ‍ॅपची बदललेली आवृत्ती असलेले जीबी व्हॉट्सअ‍ॅप, एका अनोळखी माणसाचा शिक्का असतो आणि पुढचे प्रत्येक अपडेटही त्याच्याच हातून येते. बार्शीच्या बाजार समितीत शेतकरी ज्वारी उतरवतो ती गाळा प्रशस्त दिसतो म्हणून नाही. आडत्याकडे समितीचा परवाना असतो, पट्टीवर त्याचे नाव असते आणि पैसे अडकले तर कोणाला धरायचे हे ठाऊक असते. अनलॉक अ‍ॅपच्या व्यवहारात नेमके हेच नसते.

अशा फुकटाची किंमत २०१९ मध्ये दिसली. 'एजंट स्मिथ' नावाचा घुसखोर चेक पॉइंट या कंपनीने जुलैमध्ये उघड केला. जगभरात सुमारे अडीच कोटी फोन बाधित झाले होते आणि त्यांतले दीड कोटी भारतातले होते. तो पसरला मुख्यतः नाइनअ‍ॅप्स या अलिबाबा समूहाच्या अ‍ॅप दुकानातून. फोटोच्या किंवा खेळाच्या अ‍ॅपमध्ये दडून तो फोनमध्ये शिरे, गुगलच्या अपडेटचे सोंग घेई आणि फोनमधली व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप गुपचूप बदलून जाहिरातींवर कमाई करी. हे जमले ते सही तपासण्याच्या जुन्या पद्धतीत एक भोक होते म्हणून. ते बुजवणारी दुरुस्ती २०१७ मध्येच आली होती; पण स्वस्त फोनपर्यंत अशा दुरुस्त्या पोहोचतात कुठे? एपीकेप्युअर हे असेच दुसरे दुकान मूळ सही शाबूत ठेवण्याचा दावा करते, पण एप्रिल २०२१ मध्ये त्या दुकानाच्या स्वतःच्याच अ‍ॅपमध्ये घातक जाहिरात-कोड सापडला.

मग पर्यायी दुकाने वाईटच? नाही. २०१० पासून चालू असलेले एफ-ड्रॉइड घ्या. तिथे फक्त खुल्या कोडची अ‍ॅप मिळतात. कोड कोणालाही वाचता येतो, त्यावरून अ‍ॅप बहुतेक वेळा एफ-ड्रॉइडच बांधते आणि सहीही तेच करते. एखादे अ‍ॅप तुमचा माग काढत असेल, तर तसे त्याच्या पानावर लिहिलेले असते. खाते उघडावे लागत नाही, खर्च देणग्यांवर चालतो. गरिबाने प्रीमियमचे पैसे कुठून आणायचे, या रास्त प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथेच आहे. चित्रपटांसाठी व्हीएलसी, रेंज नसताना नकाशासाठी ऑस्मअँड, इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायला किविक्स. हे सगळे राजरोस फुकट आहे. नवा चित्रपट किंवा महागडा खेळ तिथे मिळणार नाही, हे मात्र खरे.

प्ले स्टोअर तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात कर्ज देणारी अडीच हजारांहून अधिक अ‍ॅप गुगलला आपल्याच दुकानातून काढावी किंवा थांबवावी लागली. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो: दुकानाचे नाव हमी देत नाही.

उलट बाजूचा आक्षेप जास्त वजनदार आहे. सही-बिही सामान्य माणसाला कळणार नाही, तेव्हा दारेच बंद करा. या भीतीमागे एक ओळखीचे चित्र आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीएम किसानच्या नावाची एपीके येते, कधी आरटीओ चलनाची, कधी लग्नपत्रिकेची. टाकली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि पुढे बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. यावर गुगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी एक प्रयोग जाहीर केला: ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेले अ‍ॅप असल्या नाजूक परवानग्या मागत असेल, तर ते बसूच द्यायचे नाही. हा उपाय मला पटतो, कारण अ‍ॅप मागते काय, हे तो बघतो.

गुगलची ऑगस्ट २०२५ ची घोषणा मात्र तितकी पटत नाही. बाहेरून टाकायच्या अ‍ॅपच्या कर्त्यानेही गुगलकडे ओळख नोंदवायची. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून हळूहळू सगळीकडे. एफ-ड्रॉइडने याला विरोध केला आहे. शिक्क्यामागे माणूस असावा हे मलाही हवे आहे. पण परवाने वाटणाऱ्याचाच बाजारात सगळ्यात मोठा गाळा असेल, तर इतरांचे काय होते? फोनपेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी इंडस अ‍ॅपस्टोअर सुरू केले, मराठीसह १२ भारतीय भाषांत. इतरांची अ‍ॅप दुकाने प्ले स्टोअरवर येऊ द्या, असा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये गुगलवरचा १,३३७.७६ कोटींचा दंड कायम ठेवला, पण हा आदेश रद्द केला. त्यामुळे इंडस आधीपासून फोनमध्ये नसेल, तर ते संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागते, आणि तेव्हा फोन अनोळखी स्रोताचा तोच इशारा देतो, जो पीएम किसानच्या बनावट फाइलला देतो.

ओळख तपासायची व्यवस्था आपल्याकडे आधीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली परवाना मिळालेल्या संस्था डिजिटल सही देतात. ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदाराकडे तिचे यूएसबी टोकन असतेच. अ‍ॅपच्या कर्त्याने आपली किल्ली अशा सहीशी जोडली, की इशाऱ्याच्या पडद्यावर त्याचे नाव दाखवणे अवघड नाही. परदेशातल्या हौशी प्रोग्रॅमरचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याच्यासाठी एफ-ड्रॉइडसारख्या दुकानाने आपल्या नावाने सही करावी. आजही बहुतांशी ते हेच करते.